फायनान्शियल एडच्या चौकटीत टिक करायची की नाही? (एच-४ वरचा मुलगा, बारावी, डोकं फिरलंय)

जर्सीतली_जाई | १२ ऑक्टोबर, रात्री ११:४०

मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय. लेक बारावीला, इथे अमेरिकेतच, न्यू जर्सीच्या पब्लिक (सरकारी) स्कूलमध्ये चौथीपासून. नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत, ती रांग कधी संपणार ते आपल्या सगळ्यांना माहितीये, त्यामुळे लेक अजून एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर. कोजागिरीला एका मैत्रिणीकडे जमलो होतो, मसाला दूध होईस्तोवर सगळं छान चाललं होतं, मग तिचे मिस्टर म्हणाले की कॉलेजांच्या एकत्रित अर्जात, म्हणजे कॉमन अ‍ॅपवर एड (आर्थिक मदत) पाहिजे का म्हणून विचारतात तिथे चुकूनही हो म्हणू नका, हो म्हणलं की अर्ज बाजूला पडतो. दुसरी लगेच म्हणाली छे, सगळी टॉप कॉलेजं नीड-ब्लाइंड असतात, पैशाकडे बघतच नाहीत. दोघंही छातीठोक. रात्री घरी येऊन आम्हा दोघांचं भांडण, आणि लेक खोलीत हेडफोन लावून.

आमचं उत्पन्न एका पगारावर साधारण १ लाख ६५ हजार डॉलर, धाकटी सातवीत. वर्षाला नव्वद हजारच्या आसपास खर्च असलेलं कॉलेज आम्हाला एडशिवाय झेपणार नाही, ही सरळ गोष्ट आहे. १ नोव्हेंबरची अर्ली (लवकर अर्ज करायची) डेडलाईन डोक्यावर आलीये. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज. आणि हार्वर्डमध्ये मेरिट स्कॉलरशिप मिळते का हो? सासूबाई रोज विचारतात.

रुमालवाली | १२ ऑक्टोबर, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवते. पुढच्या वर्षी आमचाही नंबर.

बे_एरियातला_बोका | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

जाई, तुझ्या मैत्रिणीचे मिस्टर आणि दुसरी मैत्रीण दोघंही अर्धे बरोबर आहेत, म्हणूनच घोळ होतो.

आधी सासूबाईंचं. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुनी विद्यापीठं) मेरिट स्कॉलरशिप नसतेच, खेळाडूंनाही नाही. मिळते ती फक्त गरजेवर. मेरिट पाहिजे असेल तर व्हँडरबिल्टची कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट किंवा ड्यूकची रॉबर्टसन असल्या ठिकाणी बघायचं, आणि तिथे मूठभर जागांना शंभर लांडगे.

आता नीड-ब्लाइंड. हा शब्द अमेरिकन सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी एक आणि बाकीच्यांसाठी दुसरा. परदेशी मुलांनाही नीड-ब्लाइंड आणि वर पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजायची. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट ही जुनी पाच. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडन आले, मग वॉशिंग्टन अँड ली, नोत्र दाम, आणि २०२५ च्या बॅचपासून ब्राउन. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेन, ड्यूक, शिकागो या सगळ्यांत परदेशी मुलाने एड मागितली तर निवड करताना ती बघितली जाते. त्याला म्हणतात नीड-अवेअर.

आणि कळीचा मुद्दा, एच-४ वरचं पोरगं बऱ्याच ठिकाणी परदेशीच्या ढिगात जातं. चौथीपासून इथे शिकला, मराठीपेक्षा इंग्लिश बरं बोलतो, बाप इथे टॅक्स भरतो, काही उपयोग नाही. सरकारी मदतीच्या अर्जाला, म्हणजे फॅफ्साला, तर तो पात्रच नाही. त्यामुळे प्रत्येक कॉलेजच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला वेगळी ईमेल टाक: माझा मुलगा एच-४ वर आहे, अमेरिकन हायस्कूलमध्ये शिकतो, तुम्ही त्याला एडसाठी डोमेस्टिक धरता का इंटरनॅशनल? उत्तर लेखी घे. फोनवर कुणी गोड बोललं तर ते सोडून दे.

कट्ट्यावरचा_बंडू | १३ ऑक्टोबर, दुपारी २:३०

म्हणजे थोडक्यात दुकानदाराने आधी खिशात हात घालून बघायचं आणि मग म्हणायचं, या बसा.

आमच्याकडे आयआयटीला बरं, रँक म्हणजे रँक. बाप रिक्षा चालवतो का कारखाना चालवतो ते जेईईच्या पेपराला कळत नाही. आणि फीचं पण सरळ आहे, घरचं उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या खाली तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफ, एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना पूर्ण माफ. निबंध नाही, आजी वारली तेव्हा मी काय शिकलो नाही.

मृद्गंध | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७:१५

बंडू, कोटा शहरातल्या क्लासची दोन वर्षांची फी मात्र जेईईच्या पेपराला बरोबर कळते :)

मी बॉस्टनजवळ असते, माझ्या जुन्या कॉलेजसाठी गेली काही वर्षं माजी विद्यार्थी म्हणून अर्जदार मुलांच्या मुलाखती घेते. आधीच सांगते, त्या मुलाखतीला फार वजन नसतं. मुलं कडक इस्त्रीचे शर्ट घालून कॉफी शॉपमध्ये येतात, हात थंडगार पडलेले असतात, आणि मी मनात म्हणते बाळा, माझ्या हातात काही नाही रे. तासभर बोलायचं आणि पानभर रिपोर्ट लिहायचा. पैशाचा विषय आम्ही काढायचाच नाही असा नियम आहे. एकदा एका मुलाने स्वतःहूनच विचारलं, मॅम, आय आस्क्ड फॉर एड, इज दॅट ओके? आपल्यातलाच असावा, आडनावावरून कळलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॉफीचे पैसे मी दिले, एवढंच.

आता मुलं निवडतात कशावर ते हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर झालेल्या खटल्यात बाहेर आलं. अर्जदाराला अभ्यास, उपक्रम, खेळ, व्यक्तिमत्त्व असे वेगवेगळे आकडे देतात, आणि आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाचे आकडे कमी पडत होते, त्यावरूनच रण पेटलं. २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने वंश बघून प्रवेश देणं बंद केलं. आपल्याकडे बऱ्याच जणांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पुढच्या वर्षी एमआयटीत आशियाई मुलं ४० टक्क्यांवरून ४७ वर गेली, पण येलमध्ये उलट ३० वरून २४ वर आली. तेव्हा पेढे जपून.

त्याच खटल्यात दुसरी गोष्ट दिसली ती जास्त बोलकी आहे. आई-बाप तिथेच शिकलेले असतील तर त्या मुलांना प्रवेश साधारण ३३ टक्के, बाकीच्यांना ६. शिवाय खेळाडू, प्राध्यापकांची मुलं, आणि "डीनची यादी", म्हणजे देणगीदारांची वगैरे. गोऱ्या मुलांपैकी ज्यांना प्रवेश मिळाला त्यातली ४३ टक्के या चारपैकी कुठल्या ना कुठल्या दारातून आलेली होती.

शंकेखोर | १३ ऑक्टोबर, रात्री ९:०२

वंशाचं बंद झालं आणि वशिल्याचं चालू राहिलं, असं का?

मृद्गंध | १३ ऑक्टोबर, रात्री ९:२०

तसंच म्हणा. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, त्याला लेगसी म्हणतात, ते जॉन्स हॉपकिन्सने २०१४ मध्येच गुपचूप बंद केलं आणि २०२० ला सांगितलं, अ‍ॅमहर्स्टने २०२१ ला बंद केलं, एमआयटीत नाहीच. कॅलिफोर्नियाने तर २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांसाठीही कायदा करून बंदी आणली. तर स्टॅनफर्डने काय केलं, राज्याची कॅल ग्रँट घेणंच सोडलं आणि लेगसी चालू ठेवली.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि मंडळींचा २०२३ चा अभ्यास आहे, एसएटी या प्रवेशाच्या परीक्षेचे मार्क सारखे असताना सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरातल्या मुलाला आयव्ही वगैरे डझनभर कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलापेक्षा दुपटीहून जास्त संधी. जाईच्या उत्पन्नाची घरं नेमकी मधल्या कोरड्या पट्ट्यात येतात. लेगसी नाही, रोइंगसारखे खेळ नाहीत, आणि गरीबही नाही.

तात्या_टेक्सासकर | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

अवांतर होईल पण राहवत नाही. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायचा करार. त्या पुढच्या कराराचं आणि बडोद्यात त्यांना जे भोगावं लागलं त्याचं सगळ्यांना माहितीच आहे. सांगायचा मुद्दा, कुणीतरी पैसे दिल्याशिवाय तेव्हाही जमत नव्हतं आणि देणाऱ्याच्या अटी तेव्हाही होत्या.

सध्या कॉर्नेलला टाटा स्कॉलरशिप आहे, २००८ मध्ये टाटा ट्रस्टने अडीच कोटी डॉलर दिले त्यातून. पण ती भारतीय नागरिक आणि भारतात शाळा केलेल्यांना. जाईचा मुलगा नागरिक भारताचा, शाळा जर्सीची, म्हणजे तीही गेली. ना घर का ना घाट का.

बे_एरियातला_बोका | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

तात्या, +१.

नीड-अवेअर प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो कारण "अर्ज बाजूला पडतो" ही भीती थोडी उगाच आहे आणि थोडी खरी. सुरुवातीच्या वाचनात सहसा पैसा येत नाही. मार्चमध्ये यादी पक्की होत आली की एडचं बजेट आणि यादी समोरासमोर ठेवतात, आणि काठावरच्या मुलांत कात्री लागते. रीड कॉलेजची गोष्ट २००९ मध्ये पेपरात आली होती. मंदीत पैसे कमी पडले म्हणून एड लागणाऱ्या शंभराहून जास्त मुलांना यादीतून काढून त्यांच्या जागी पूर्ण फी भरू शकणारी घेतली. ही अमेरिकन मुलं बरं का, आपण तर लांबच. आणि जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी वर्षानुवर्षं आम्ही नीड-ब्लाइंड म्हणून सांगत होती, २०१३ मध्ये त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या पेपरने बाहेर काढलं की तसं नाही, पैसे लागणारी शेकडो मुलं वेटलिस्टवर ढकलली जातात. वेबसाईटवर काय छापलंय त्यावर जाऊ नका एवढाच अर्थ.

मग टिक न करता आत शिरायचं आणि पुढच्या वर्षी एड मागायची, हा जुगाड बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. नका करू. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी परदेशी मुलाने अर्जाच्या वेळी एड मागितली नसेल तर पुढची चार वर्षं मागता येत नाही असं लिहूनच ठेवलंय. आमच्या ओळखीतल्या एकांनी असं केलं (कॉलेजचं नाव नाही सांगत), पहिल्या वर्षाचे पैसे पुण्यातला वन बीएचके विकून भरले, दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या एड ऑफिसने हात वर केले. पोरगा आता स्टेट युनिव्हर्सिटीत आहे, आनंदात आहे, पण वन बीएचके गेला.

नाशिकची_द्राक्षं | १४ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होते, हा धागा बघून लॉगिन केलं.

माझी मुलगी नाशिकहून बारावी करून अमेरिकेतल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात गेली, आता तिसरं वर्ष. आमची निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग, मिस्टर सोसायटीत क्लार्क. दोन्ही मिळून वर्षाचे नऊ-दहा लाख, तेही बाग पावसात सापडली नाही तर. एड नसती तर अर्ज करायचा विचारही केला नसता, त्यामुळे टिक करू का नको हा प्रश्न आम्हाला नव्हताच. बारा ठिकाणी अर्ज केले, दहा ठिकाणी नाही, एका ठिकाणी हो पण पैसे कमी, एका ठिकाणी पूर्ण.

खरी मजा सीएसएस प्रोफाइलची, म्हणजे एडसाठी घरची आर्थिक माहिती भरायच्या फॉर्मची. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६, आम्ही कॉलेजांना ईमेल लिहून लिहून फी माफीचे कोड मिळवले. फॉर्ममध्ये विचारतात जमिनीची किंमत किती. आता सातबाऱ्यावर सहा नावं, सासरे, दोन चुलत सासरे, आत्या, आमचे हे आणि दीर, वाटणी झालेली नाही. त्यात आमचा वाटा किती आणि विकला तर किती येतील कोण सांगणार? मुलीने भाबडेपणाने रस्त्याकडेच्या जमिनीचा चालू भाव गुणिले सगळं क्षेत्र असं टाकलं. झालं, आम्ही कागदावर कोट्यधीश. एका कॉलेजने वर्षाला १४ हजार डॉलर भरा म्हणून कळवलं. आमचं एकूण वर्षाचं उत्पन्न त्याहून कमी!

मग अपील. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे आयटीआरमध्ये नुसता मिस्टरांचा पगार दिसतो आणि त्यांना वाटतं उरलेलं लपवलंय. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढला, सातबारा आणि आठ-अ काढला, सीएकडून पत्र घेतलं की जमीन एकत्र कुटुंबाची आहे, वाटणी नाही, आणि सगळ्यांच्या सह्यांशिवाय विकता येत नाही. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा आहे तो पिवळ्या हायलायटरने रंगवून दाखवला. तिथल्या बाईंनी व्हिडिओ कॉल लावला, आमच्या इथे रात्रीचे साडेदहा, मागे कुत्री भुंकतायत, त्या विचारतात, सो हू ओन्स द ग्रेप्स? मुलगी म्हणाली, मॅम, एव्हरीबडी, अँड द कोऑपरेटिव्ह सोसायटी. हसल्या बिचाऱ्या. पण १४ चे ११ केले, त्याखाली नाही. ते सोडलं. दुसऱ्या कॉलेजने तीच कागदपत्रं बघून पूर्ण दिलं, तिकिटाचेही. म्हणून "पूर्ण गरज भागवतो" म्हणतात तेव्हा गरज किती ते ठरवणारे तेच असतात, हे लक्षात ठेवा.

कट्ट्यावरचा_बंडू | १४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

ताई, दंडवत. हू ओन्स द ग्रेप्स हे मी घरी फ्रेम करून लावणार.

माझे शब्द थोडे मागे घेतो. पण एक सांगा, एसएटी पण मधे बंद केली होती ना यांनी? मग निवडायचे कशावर, निबंधावर?

मृद्गंध | १४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

कोविडमध्ये ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्येच परत आणली, २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक. डार्टमथने दिलेलं कारण ऐकण्यासारखं आहे, साध्या शाळांतली मुलं १४०० ला कमी समजून मार्क पाठवतच नव्हती, खरं तर त्या शाळेतून आलेले १४०० बघून त्यांना आत घेतलं असतं. म्हणजे परीक्षा काढून गरिबाचं भलं होईल असं वाटलं होतं ते उलटं निघालं. कोलंबियाने मात्र २०२३ मध्ये ऐच्छिकच ठेवायचं ठरवलं.

निबंधाचं म्हणशील तर सगळ्यात जास्त पैसा तिथेच मुरतो. तासाला काहीशे डॉलर घेणारे कन्सल्टंट आहेत, आणि वाचणाऱ्याला पॉलिश केलेला निबंध चार ओळींत कळतो असं सगळे म्हणतात, तरी धंदा तेजीत.

शंकेखोर | १४ ऑक्टोबर, रात्री १०:१५

एक कडू प्रश्न. इथे राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या मुलांना काही कॉलेजं डोमेस्टिक धरतात आणि रांगेत उभं राहून कायदेशीर आलेल्यांची मुलं परदेशी. हे कुठलं न्यायाचं?

जर्सीतली_जाई | १४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

शंकेखोर, हे माझ्याही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. पण लेकाच्या वर्गात तसा एक मुलगा आहे, दोघं रोबॉटिक्सला एकत्र असतात, आई घरकामं करते. त्याला जे मिळतं ते काढून माझ्या लेकाला मिळणार नाहीये. माझा राग ग्रीन कार्डच्या रांगेवर. एकविसाव्या वाढदिवसाला माझा लेक एच-४ वरूनही बाहेर, मग एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) कर नाहीतर घरी जा. कुठलं घर? त्याला पुण्यात आजीकडे रिक्षावाल्याशी बोलता येत नाही.

बरं, अपडेट. बोकोबांच्या सांगण्याप्रमाणे नऊ कॉलेजांना ईमेल टाकल्या. पाच उत्तरं आली. दोघांनी डोमेस्टिकसारखं वाचू पण एड परदेशी नियमाने असं लिहिलंय (याचा अर्थ कुणी इस्कटून सांगेल का), तिघांनी सरळ इंटरनॅशनल.

काल जेवणं झाल्यावर टेबलावर लॅपटॉप ठेवून नेट प्राइस कॅलक्युलेटर (एड धरून कॉलेज कितीला पडेल ते सांगणारा) लावला. नवरा डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कागद) बघून आकडे सांगतोय, मी टाईप करतेय, धाकटी विचारतेय आपण श्रीमंत आहोत का गरीब. एका ठिकाणी आम्हाला वर्षाला २६ हजार पडतील असं आलं, एका ठिकाणी ५१ हजार! तेच घर, तोच पगार. लेक हेडफोन काढून मागे येऊन कधी उभा राहिला कळलं नाही. म्हणाला, आई, ५१ वालं काढून टाक. तेच त्याचं पहिल्या पसंतीचं होतं.

बे_एरियातला_बोका | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

गुणी आहे लेक.

इस्कटून: डोमेस्टिकसारखं वाचू म्हणजे त्याची तुलना जर्सीच्या मुलांशी होणार, शांघायच्या नाही. एड परदेशी नियमाने म्हणजे बजेटची छोटी थैली, आणि तिथे मागणं बघितलं जाणार. तिथे टिक केल्याने तोटा होऊ शकतो. पण न करता मिळालेला प्रवेश तुला परवडणारच नसेल तर त्या प्रवेशाचं करायचं काय?

५१ आणि २६ मधला फरक बहुतेक घराचा. हार्वर्ड, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड राहत्या घराची इक्विटी (कर्ज वजा जाता उरणारी किंमत) धरत नाहीत, पेननेही २०२४ मध्ये सोडायचं जाहीर केलं, बाकी बरेच धरतात. २०१५ च्या सुमारास घर घेतलं असशील तर जर्सीत तेवढ्यानेच तुम्ही श्रीमंत. आणि कॅलक्युलेटर मुळात अमेरिकन नागरिक धरून बनवलेले असतात, तेव्हा परदेशीत जाणार असाल तर तो आकडा मिठाच्या खड्याबरोबर.

तुमच्या उत्पन्नाला सगळ्यात सोयीचं म्हणजे जे परदेशीलाही नीड-ब्लाइंड आहेत तेच. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली, आणि परदेशी मुलांना एडचे तेच नियम. एमआयटीचंही २ लाखांपर्यंत तसंच. पण हार्वर्डला ५४ हजार अर्जांतून १९३७ घेतले होते २०२४ साली, हे भिंतीवर लिहून ठेव. अर्ली डिसिजन मात्र विचार करून. ते बंधनकारक असतं, प्रवेश मिळाला की तिथेच जायचं; एड पुरेशी नसेल तर सोडवतात, पण दुसऱ्या ऑफरशी तुलना करायची संधी जाते.

तात्या_टेक्सासकर | १५ ऑक्टोबर, दुपारी १:२०

आणि स्टेट युनिव्हर्सिटीचा ऑनर्स प्रोग्रॅम यादीत टाकाच. माझी दोन्ही तिथूनच निघाली, कुणी रस्त्यावर नाही आलं.

जर्सीतली_जाई | १८ ऑक्टोबर, रात्री १०:३०

ठरलं. सगळीकडे टिक करतोय, नीड-अवेअर पाचाची दोन ठेवली, ५१ वालं काढलं. परदेशी नीड-ब्लाइंडपैकी चार, एक अर्लीला, तेही बंधनकारक नसलेलं. स्टेटची तीन. सासूबाईंना मेरिटचं सांगितलं, त्या म्हणाल्या मग तो एवढा अभ्यास कशाला करतो.

नाशिकच्या ताई, एक विचारायचं राहिलं. साताऱ्याकडे सासऱ्यांच्या नावावर दीड एकर आहे, सातबाऱ्यावर नवऱ्याचंही नाव चढलंय. ते सीएसएसमध्ये दाखवायचं ना? आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर कुठून करून घेतलंत?

नाशिकची_द्राक्षं | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

दाखवायचं. नाव आहे तर दाखवायचंच, पण सगळं क्षेत्र नाही, नवऱ्याच्या वाट्याचं, आणि स्पेशल सर्कमस्टन्सेसच्या रकान्यात एकत्र कुटुंबाचं लिहायचं, जागा कमी असते म्हणून आधी वहीत लिहून बघा. भाषांतर कोर्टाबाहेरच्या एका काकांनी केलं, पानाला तीनशे रुपये, त्यांनी "पोटखराबा" चं "स्टमक बॅड" केलं होतं. ते मुलीने रात्री बसून नीट केलं. तुम्ही पाठवायच्या आधी एकदा वाचून घ्या.